एकेचाळिसावीचं पोट

३ फेब्रुवारी

चि. मोजपट्टी यास,
गोठ्यातून, शेणाच्या हातांनी, अनेक आशीर्वाद.

पत्र लिहायचं कारण, फोनवर तू नुसतं ‘हं, हं’ करतोस आणि मागून कुणीतरी फाइल मागत असतं. लिहिलेलं मात्र तू शेवटपर्यंत वाचतोस. लहानपणी औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा वाचून काढायचास. म्हणून हा कागद.

आमच्या एकेचाळिसावीला आज वर्ष झालं. गोठ्यात चाळीस गाई आणि अंगणापलीकडे ही शेण पचवणारी गोबरगॅसची टाकी. तिला मी एकेचाळिसावी म्हणते हे तुझ्या भावोजींना अजून पटलेलं नाही. पण तिलाही दोन वेळा खाऊ घालावं लागतं, तीही फुगते, ढेकर देते आणि थंडीत मंद होते. मग गाय नाही तर काय? तिच्या गॅसवर पाणी तापतं, दुधाची भांडी धुऊन निघतात, आणि मुख्य म्हणजे वास गेला. वर्षापूर्वी नव्या वसाहतीतले लोक नाकाला रुमाल लावून आमच्या फाटकाशी उभे होते ते आठवतं ना? त्यांच्या म्होरक्या, त्या निवृत्त शिक्षिका, परवा दूध घ्यायला आल्या आणि चक्क गोठ्याच्या दारात उभ्या राहून गुडघेदुखीबद्दल बोलत बसल्या. तेव्हा तुमच्या पर्यावरण कार्यालयाने लिहून दिलं होतं की शेण बंद टाकीत जिरत असेल तरच गाई इथे राहतील. टाकीचा परवाना गेला तर गोठा हलवायचा. कुठे हलवायचा, ते काही लिहिलं नव्हतं. तो परवाना मी दुधाच्या खोलीत काचेत लावून ठेवला आहे.

तुझे नियम आम्ही पाळतो. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याने लिहिलेत असं तुझे भावोजी म्हणतात, पण पाळतात. पचून बाहेर आलेल्या स्लरीचा हौद झाकलेला आहे. ओल्या रानात ती पसरत नाही, ओढ्यापासून दहा मीटर लांब ठेवतो. रोजची नोंदवही मी स्वतः लिहिते, आणि त्यात ‘आज तब्येत बरी, ढेकर कमी’ असं लिहिलं तर कुठलं कलम मोडत नाही ना, ते कळव.

आता गंमत ऐक. या थंडीत ती अगदीच मलूल झाली होती. आपलं सगळं दूध घेणारा तो चीजवाला, त्याच्याकडे चीज काढल्यावर आंबूस पाणी उरतं, निवळी. मी सहज एक बादली आणून तिला पाजली. दुसऱ्या दिवशी गॅसचा फुगा टम्म! तेव्हापासून रोज एक बादली चालू आहे. तुझं नववं कलम मला पाठ आहे, स्वतःच्या जनावरांच्या शेणमूत्राखेरीज टाकीत काही घालू नये. पण निवळी दुधाची आणि दूध माझ्याच गाईंचं. घरचंच घरी आलं. त्यात तुझ्या सरकारचं काय गेलं?

लोभ असावा, तपासणी नसावी.

तुझी,
ताई

१० फेब्रुवारी

ती. ताईस,
तिसऱ्या मजल्यावरून, फाइलींच्या आडून, साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र चहाबरोबर वाचलं आणि चहा गार झाला. एकेचाळिसावीचा वाढदिवस तुम्ही साजरा केला नसावा अशी आशा आहे, कारण भावोजी तेवढ्यानेच घर सोडून जातील. आमच्याकडे नवीन काही नाही. खिडकीपाशी टेबल मिळालं, पण खिडकी उघडत नाही. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे कार्यालयाच्या प्रमुख, यांनी गोबरगॅसच्या नियमांची नवी समिती नेमली आणि मसुदा लिहायचं काम माझ्याकडे दिलं. तुझा परवाना तिकडच्या विभागीय कार्यालयाकडे असल्याने माझा त्याच्याशी संबंध नाही, आणि तसा तो नसावा असं मीच रुजू होताना लिहून दिलं होतं.

आता निवळीबद्दल. ताई, ती आजच बंद कर. नववं कलम मीच लिहिलेलं आहे, तेव्हा त्यातली खोच मला माहीत आहे. दूध तुझ्या गोठ्यातून गेलं तेव्हा तुझं होतं. परत आलं ते दुसऱ्याच्या कारखान्यातलं टाकाऊ पाणी. त्याने भांडी कशाने धुतली, त्यात काय मिसळलं, हे तुला ठाऊक नाही आणि मलाही नाही. शिवाय निवळी आंबट. बादलीभर पोटाला चालेल, पण आंबटाची सवय नसलेल्या पोटात एकदम जास्त गेली तर काय होतं, हे तू मला शिकवायला हवंस. अति तिथे माती.

बंद केलीस की विषय संपला. हे पत्र मी भाऊ म्हणून वाचलं आणि खणात ठेवून दिलं आहे. नोंदवहीतल्या ढेकरांना माझी हरकत नाही.

लोभात घट नसावी, निवळीत असावी.

तुझा,
मोजपट्टी

२४ फेब्रुवारी

चि. मोजपट्टी यास,
ओल्या चपलांनी आशीर्वाद.

तुझं पत्र आलं १३ तारखेला आणि घोळ झाला होता १२ला. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. रागावू नकोस, सगळं सांगते.

९ तारखेला चीजवाल्याची गाडी बंद पडली. निवळी न्यायची कुठे म्हणून तो चार ड्रम आमच्या फाटकात घेऊन आला. ओतून टाकतो म्हणाला. आता डोळ्यांदेखत इतकं अन्न मातीत ओतायचं हे मला जमणारं नाही, तुला माहीत आहे. चारही ड्रम मी तिला पाजले. पहिल्या दिवशी फुगा टम्म, दुसऱ्या दिवशी टम्म, तिसऱ्या दिवशी आतून असा गुडगुडाट की कालवडी दावं ओढायला लागल्या. १२ तारखेला सकाळी धारा चालू असतानाच फेस वर आला, गॅसची नळी तुंबली आणि सुरक्षेचं झाकण उडून भसाभसा सगळं अंगणात. तुझे भावोजी गुडघाभर स्लरीत उभे राहून झाकण शोधत होते आणि तोंडातून अवाक्षर काढत नव्हते. त्यांच्या मौनाचा मला जास्त राग येतो. मी हसत सुटले, मग रडायला आलं, मग आम्ही दोघांनी मोठा पाइप लावून दुपारपर्यंत अंगण धुतलं. संध्याकाळी पाहिलं असतंस तर काही झालं होतं यावर तुझा विश्वास बसला नसता.

कुणी पाहिलं नाही. त्या दिवशीचं पान मी वहीत कोरंच ठेवलं आहे. काय लिहावं ते सुचेना. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि नुकसान तसं आमचंच झालं. एकेचाळिसावी रुसली आहे. फुगा खाली बसला, आंबट वास येतो, खाल्लेलं तसंच बाहेर टाकते. तिला काय द्यावं ते लिही. तुझ्या समितीत कुणी वैद्य असेल तर विचार.

बाकी ठीक. खालच्या अंगाला ओढ्याकाठी ज्याची रोपवाटिका आहे, तो म्हणत होता की ओढ्यात मासे पालथे पडलेत. यंदा थंडीच तशी आहे.

लोभ असू दे, आत्ता जरा जास्त लागेल.

तुझी,
ताई

१ मार्च

ती. ताईस नमस्कार.

दोन दिवस तुझं पत्र खिशात घेऊन फिरलो. ते मासे थंडीने मेले नाहीत, ताई. अंगण धुतलंत ते पाणी गटारात गेलं आणि गटार ओढ्याला मिळतं. तुझ्या अंगणाचा नकाशा मला पाठ आहे, आणि तुलाही.

आधी कामाचं, तुझा फोन लागत नाही म्हणून इथेच. टाकीत काही घालू नकोस, शेणसुद्धा नाही. टाकी बसवणाऱ्या मिस्त्रीला बोलाव. आणि आजच्या आज रोपवाटिकावाल्याला सांग की ते पाणी रोपांना घालू नको. ही एक गोष्ट पत्र पूर्ण वाचायच्या आधी कर.

आता दुसरं. स्लरी बाहेर गेली तर चोवीस तासांत विभागीय कार्यालयाला कळवायचं असतं. ते तू केलं नाहीस. माझंही चुकलं. निवळीचं वाचून मी कानाडोळा केला, ‘खणात ठेवलं’ असं लिहून मोकळा झालो. तेव्हाच तुला कळवायला लावलं असतं तर पत्र पोचलं त्याच दिवशी तू कार्यालयात गेली असतीस आणि ओढ्याचं वेळेत कळलं असतं. हे लिहिताना मला माझीच शरम वाटते.

तू पत्र भावाला लिहिलंस, पण वाचलं ते दोघांनी. १० मार्चपर्यंत तू स्वतः जाऊन सगळं लिहून दे. निवळी, ड्रम, कोरं पान, सगळं. नाही दिलंस, तर मी तुझी दोन्ही पत्रं आणि माझं एक, अशी तीन मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवीन. काय होईल ते लपवत नाही. परवाना स्थगित होईल. रद्दही होऊ शकतो, आणि मग गाई तिथे राहणार नाहीत. हे माहीत असून मी लिहितो आहे.

लोभ ठेवायचा की नाही ते तू ठरव. माझा आहे.

तुझा भाऊ

५ मार्च

मा. अधिकारी साहेब यांस,

आपलं पत्र पोचलं. रोपवाटिकेत निरोप दिला आहे. मी पत्र माहेरी लिहिलं होतं, ते कचेरीत पोचलं, ही चूक माझी. यापुढे होणार नाही.

आपली,
परवानाधारक

९ मार्च

प्रिय मेहुणे,
नमस्कार. मला पत्र लिहायची सवय नाही हे तुम्ही जाणताच.

तुमची ताई लिहिणार नाही म्हणून मी लिहितो. चार दिवस ती माझ्याशीही बोलली नाही. मी बोलत नाही ते वेगळं, ती बोलली नाही म्हणजे काय ते तुम्हाला कळेल. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. तुमचं पत्र तिने पेंडीच्या पोत्यावर टाकलं, मग उचललं, मग परत टाकलं.

परवा सकाळी धारा झाल्यावर ती एकटी ओढ्यावर गेली. तासाभराने परत आली तेव्हा चपला हातात होत्या. मला म्हणाली की मासे वाळूवर आहेत, लहान लहान आहेत. एवढंच. मग हात धुऊन रोपवाटिकेत गेली. मी मागोमाग गेलो, पण कुंपणाबाहेर थांबलो. तिने त्याला सगळं सांगितलं. निरोप दिला तेव्हा कारण सांगितलं नव्हतं. निरोप पोचायच्या आधीच त्याच्या रोपांचे दोन वाफे जळाले होते. तो ओरडला नाही. पालथ्या कुंडीवर बसला. ती उभी होती. नंतर दोघांनी मिळून ती रोपं उपटली.

काल अर्ज भरला. अपघाताचं कारण लिहायला दोन ओळींची जागा आहे. तिने चार पानं जोडली. कोऱ्या पानाची झेरॉक्सही जोडली. मला वाचून दाखवलं आणि सहीला पुढे केलं. ड्रम ओतायला मीही हात लावला होता, म्हणून सही केली. आज पहाटेच्या बसने ती स्वतः कार्यालयात गेली आहे. पोस्टावर विश्वास नाही म्हणाली. मला वाटतं तिला तो अर्ज तिथे उभं राहून द्यायचा होता.

तुमच्यावर तिचा राग आहे. तुम्ही लिहिणं थांबवू नका.

लोभ दोघांचा आहे. एकीचा सध्या बोलत नाही.

आपला,
भावोजी

१४ मार्च

ती. ताईस,
नमस्कार. उत्तराची अपेक्षा नाही.

भावोजींचं पत्र आलं. त्यांच्या हातून दीड पान म्हणजे जगातलं आश्चर्यच म्हणायचं.

तू अर्ज दिलास हे कळल्यावर मी माझं १० फेब्रुवारीचं पत्र मोठ्या बाईंना नेऊन दिलं. तुझी पत्रं दिली नाहीत, त्यांची गरज उरली नव्हती. बाईंनी ते उभ्यानेच वाचलं. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं की बहीण नसती तर मी काय केलं असतं. मी सांगितलं की त्याच दिवशी नोटीस काढली असती. त्यावर त्या म्हणाल्या की मग मसुदा लिहिणं काही दिवस दुसऱ्या कुणाला करू दे. समितीतून मला काढलं आणि तळमजल्यावरच्या जुन्या फाइलींच्या खोलीत बसवलं. खिडकीचा प्रश्न सुटला, इथे खिडकीच नाही.

हे तुला वाईट वाटावं म्हणून सांगत नाही. आपला तो बाब्या म्हणायची हौस मला महागात पडली, एवढंच. दुसरी गोष्ट मात्र सांगायची आहे. मुदतीचं ते पत्र मी तीनदा फाडून पुन्हा लिहिलं. गाई गेल्या तर त्या माझ्या चार ओळींनी जातील, हे मनातून जात नाही. तू दुपारी गोठ्यात काय करत असशील ते मी बसल्याजागी सांगू शकतो, आणि त्या वेळी तिथे रिकामी दावण दिसली की काम सुचत नाही.

लोभ होता तसा ठेव, जमेल तेव्हा.

तुझा,
मोजपट्टी

२ एप्रिल

मोजपट्टीस,
आशीर्वाद. फार नाहीत, बेताचे.

तपासणीला विभागीय कार्यालयातल्या एक बाई आल्या होत्या. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात टेप, आणि गाईंना न घाबरणाऱ्या. तुझ्याहून वाईट मोजतात. टाकीपासून गटार, गटारापासून ओढा, हौदाच्या काठाची उंची, सगळं मोजलं. बाटल्यांत पाणी भरून नेलं. अंगणाच्या टोकाला साधा एक बांध असता आणि गटाराला बंद करायची झडप असती तर ओढ्यात थेंब गेला नसता, असं म्हणाल्या. वर्षभर मी त्या गटारावरून दिवसातून वीसदा गेले, पण ते कुठे जातं हा विचार कधी केला नाही.

मग दुधाच्या खोलीत बसून त्यांनी नोंदवही वाचली. पहिल्या पानापासून. ‘आज हट्ट केला’, ‘आज पोट साफ’, असं आलं की ओठ दाबून हसायच्या. कोऱ्या पानाशी आल्या आणि हसू गेलं. विचारलं की वर्षभर एक दिवस चुकला नाही, मग हाच कसा चुकला. मला तुझ्यासारखं बोलता येत नाही. लाज वाटली, असं सांगितलं. त्यांनी माझ्याच पेनने त्या पानावर तपासणीची तारीख घातली आणि जे झालं ते माझ्याकडून लिहून घेतलं. लिहून झाल्यावर मी चार घास जास्त जेवले, खरं सांगते.

हुकूम असा की टाकी साठ दिवस बंद, बांध आणि झडप बसवायची, दर आठवड्याला ओढ्याचं पाणी तपासून द्यायचं. ८ जूनला सुनावणी. वसाहतीतले लोक, रोपवाटिकावाला, ज्याला बोलायचं असेल तो बोलेल आणि परवाना ठेवायचा की काढायचा ते तिथे ठरेल. तोवर शेण जुन्यासारखं ढिगातच जातं, ते उघडं राहू नये म्हणून आम्ही रोज ताडपत्री ओढतो, तरी वास जायचा तिथे जातोच. शिक्षिकाबाई दूध न्यायला येईनाशा झाल्या. गाईंकडे बघवत नाही. त्यांना काही माहीत नाही आणि त्या नेहमीसारख्या रवंथ करतात.

तुला फाइलींच्या खोलीत घातलं हे वाचून पहिल्यांदा बरं वाटलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा नाही वाटलं. खोकला सांभाळ, जुन्या कागदांची धूळ वाईट. टाकी पुन्हा सुरू करायला परवानगी मिळालीच तर कशी करायची ते लिही. मिस्त्री एक सांगतो आणि पुस्तक दुसरंच.

लोभ आहे. तो मोजू नकोस.

ताई

२० एप्रिल

ती. ताईस,
तळमजल्यावरून, शिंकत शिंकत, साष्टांग नमस्कार.

बेताचे आशीर्वाद पोचले आणि पुरले.

टाकीचं तू मला विचारतेस म्हणजे हाताच्या काकणाला आरसा मागतेस. आजारातून उठलेल्या गाईला तू काय करतेस? पहिल्या दिवशी पेंड देतेस का? पलीकडच्या गावात चांगली चालू असलेली टाकी असेल तर तिथून दोन पिंपं पचलेली स्लरी विरजणासारखी आणून घाल. त्याची लेखी परवानगी बूटवाल्या बाईंकडून आधी घे, नाहीतर पुन्हा नववं कलम. मग शेण, नेहमीच्या दहाव्या हिश्शाने सुरुवात. आठवडाभर आंबटपणा तपासून, मग थोडं जास्त. घाई करायची नाही.

मी इथे जुन्या फाइली वाचतो आहे, कारण इथे दुसरं करण्यासारखं काही नाही. स्लरी बाहेर गेल्याच्या चौदा फाइली सापडल्या. त्यांतल्या अकरांत कारण एकच, टाकीला कुणीतरी मायेने काहीतरी जास्त खाऊ घातलं. सडकी फळं, शिळं अन्न, एकाने तर उसाची मळी. सगळी तुझीच जात. आणि चौदाच्या चौदा प्रकरणं दुसऱ्या कुणाच्या तक्रारीने उघडली, आपणहून सांगत आलेला एकही नाही. मी पाच वर्षं वर बसून कलमं लिहिली, पण ही खोली कधी उघडली नव्हती. टिपण करून मोठ्या बाईंना दिलं. त्यांनी ठेवून घेतलं.

सुनावणीला मी येऊ शकत नाही. भाऊ म्हणून बोलायला मनाई आहे, आणि नुसतं मागे बसलो तरी लोकांना वाटेल की वशिला बसला आहे. त्या दिवशी मी रजा घेऊन घरी फोनपाशी बसेन. पण निकाल पत्रानेच कळव. फोनवर मी ‘हं, हं’ करीन आणि तू रागावशील.

लोभाची थकबाकी हळूहळू दे, घाई नाही.

तुझा,
मोजपट्टी

१२ जून

चि. मोजपट्टी यास,
पोटभर आशीर्वाद.

गाई राहिल्या. हे आधी लिहिते, कारण तू शेवटपर्यंत वाचत असलास तरी मला तोवर थांबवत नाही.

सभागृहात पन्नास-साठ माणसं होती. तुझ्या भावोजींनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि पाचावर धारण बसल्यासारखे माझ्या शेजारी बसले होते. आधी शिक्षिकाबाई बोलल्या. दोन महिने खिडक्या लावून बसलो, असं म्हणाल्या. खोटं नव्हतं. वर्षभर वास नव्हता हेही त्यांनी सांगितलं, पण माझ्याकडे बघून नाही. मग बूटवाल्या बाईंनी मोजमापं वाचली. बांध झालेला, झडप बसलेली, ओढ्याचं पाणी आठ आठवडे साफ. मला वाटलं झालं. पण अध्यक्षांनी विचारलं की चूक लपवणाऱ्या माणसावर पुन्हा विश्वास का ठेवायचा. मी उभी राहून वहीतलं ते पान शोधायला लागले.

तेव्हा रोपवाटिकावाला उठला. त्याला माझी बाजू घ्यायचं काही कारण नव्हतं. त्याने सांगितलं की तीस वर्षं तो ओढ्याच्या खालच्या टोकाला आहे. वरून साबण आला, रंग आला, काय काय आलं, आणि दर वेळी वर चौकशीला गेलं की कुणाचंच नसायचं. मग म्हणाला, “ही एकटी खाली आली. मी विचारायच्या आधी आली.” त्याने परवाना ठेवा म्हणून सांगितलं, पण एका अटीवर, की गटाराच्या झडपेची किल्ली त्याच्याकडे राहील. पाणी ज्याच्याकडे येतं, त्याने उघड म्हटल्याशिवाय उघडायचं नाही. सभागृहात थोडी कुजबुज झाली. अध्यक्षांनी बूटवाल्या बाईंकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली आणि ते तसंच्या तसं परवान्यात घातलं. चौदावी अट म्हणून. निवळीसाठी वेगळा अर्ज करा, मापाने, मग बघू, असंही म्हणाले. भावोजी बाहेर आल्यावर भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांनी माझा हात धरला आणि बसथांब्यापर्यंत सोडला नाही, भर रस्त्यात. तीस वर्षांच्या संसारात असं पहिल्यांदा झालं.

आता तुझं. तुझं ते मार्चचं पत्र आलं तेव्हा मला भाऊ नाही असं मी ठरवलं होतं. चार दिवस ठरवलं होतं. तुझ्या जागी दुसरं कुणी विचारायला आलं असतं तर मी सरळ खोटं बोलले असते, मासे थंडीने मेले म्हणाले असते, आणि ते खपलंही असतं. मग सुनावणीत तो रोपवाटिकावाला माझ्यासाठी उठला नसता. गाई राहिल्या त्या तू लिहिलेल्या चार ओळींनी. रिकामी दावण आता डोळ्यांपुढून काढून टाक. चाळीसच्या चाळीस जागेवर आहेत, आणि साठ दिवस संपताच बूटवाल्या बाईंच्या लेखी परवानगीने विरजण घातलेल्या एकेचाळिसावीनेही काल पहिल्यांदा निळी ज्योत धरली.

तर आता असं झालं आहे की अंगण धुवायचं म्हटलं की मला उतारावरून खाली जाऊन किल्ली मागावी लागते. जाऊन-येऊन पाऊण तास. सुरुवातीला जिवावर आलं. तो आधी विचारतो की आज काय धुणार, पाणी किती, मग किल्ली देतो, मग स्वतः येऊन झडपेशी उभा राहतो. दोन दिवस हे असंच चाललं. आज सकाळी मी पायांत चपला घालत होते, तर फाटकापाशी तोच उभा. किल्ली घेऊन स्वतःच चढण चढून आला होता, आणि दुसऱ्या हातात रोपांचा एक ट्रे होता, आमच्या बांधावर लावायला.

मोठ्या बाईंना माझा नमस्कार सांग आणि दोन दिवसांची रजा माग. लोभ इथे ठेवला आहे, तो पोस्टाने पाठवत नाही, येऊन घेऊन जा.

तुझी,
ताई